मोठ्या बाजारात उतरताय? आधी गल्ला मोजा!

डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉल टीम 2024 मध्ये एसीसी या तगड्या गटात गेली. प्रवेशाची किंमत? गटाच्या टीव्ही कमाईतला वाटा 9 वर्षं सोडायचा! मग खर्च कोण करणार? श्रीमंत देणगीदार पाठीशी उभे राहिले. पहिल्याच वर्षी गटातले आठही साखळी सामने जिंकले. फायनल मात्र क्लेमसनकडून 3 गुणांनी हरले.

आपलंही तसंच. गल्लीतलं दुकान मेन रोडला नेलं की डिपॉझिट, भाडं लगेच सुरू होतं. गिऱ्हाईक सावकाश येतं. आणि आपल्यामागे देणगीदार नसतात. म्हणून जागा बघण्याआधी हिशोब करा: विक्री शून्य राहिली, तरी भाडं आणि पगार किती महिने निघतील? तो आकडा आजच वहीत लिहा.