ईमॅक्सचा गुरू ईमॅक्समध्येच

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर शिकायला निघालेले बरेच जण दुसऱ्याची भलीमोठी सेटिंगची फाइल उचलून आणतात आणि तिच्यातच हरवतात. उगाच!

कंट्रोल-एच, मग टी दाबलं की धडे सुरू होतात. टीऐवजी के दाबून कुठलीही कळ दाबावी. ती काय करते ते कळतं आणि बहुतेकदा तिचा मूळ कोडही तिथूनच उघडतो. १९८५ पासूनचा हा जीएनयू एडिटर बराचसा लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला असल्याने तो चालू असतानाच बदलता येतो. प्रोग्रामर नसलेल्यांसाठी रॉबर्ट चॅसेल यांनी लिहिलेली लिस्पची ओळख वाचावीच.

ईमॅक्समध्ये नोंदी आणि कामांच्या याद्या ठेवायचा ऑर्ग-मोडही कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने रचलेला.

मराठी टंकायचंय? कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून ‘देवनागरी-आयट्रान्स’ निवडावं.