पेठेतला वाडा आणि महापालिकेची शाळा

पुण्याच्या पेठांतला एखादा जुना वाडा रिकामा पडला, की तो पाडायचा की राखायचा यावर वाद सुरू होतो. तिथे महापालिकेची शाळा भरवावी असं कुणी म्हटलं, तर ठरावीक आक्षेप येतात. त्यातले बहुतेक चुकीचे आहेत. एक मात्र खरा आहे.

गैरसमज : शाळेला शाळा म्हणून बांधलेलीच इमारत लागते.
पुण्यातलं आधुनिक शिक्षण वाड्यांतच रुजलं. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात. १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांच्या न्यू इंग्लिश स्कूललाही पहिलं छप्पर मिळालं ते वाड्याचंच.

गैरसमज : इमारत जुनी, म्हणजे धोकादायक.
वाड्याचा भार मुख्यतः लाकडी खांब आणि तुळयांवर असतो. चांगलं सागवान कोरडं राहिलं तर दोन-दोन शतकं टिकतं. त्याचा शत्रू पाणी. फुटलेलं कौल किंवा तुंबलेली पन्हळ वर्षानुवर्षं तशीच राहिली, की भिंतीत मुरलेलं पाणी खाली उतरतं आणि खांब तळखड्यावर टेकतो नेमका तिथे कुजतो. वरून रंग लावलेला असतो, म्हणून कळत नाही. पायथ्याशी टोचा खुपसला की तो भुशात गेल्यासारखा आत जातो. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि हे आणखी लवकर होतं. म्हणजे वयापेक्षा हेळसांड घातक. भिडेवाडाही वर्षानुवर्षं दुरुस्तीविना मोडकळीला आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे आता स्मारक होईल, पण ती वास्तू गेली याचं दुःख होतंच.

आगीचा धोका मात्र हसण्यावारी नेऊ नये. विश्रामबागवाड्याचा मोठा भाग १८७९ मध्ये जळाला होता. वाड्यातला अरुंद, काळोखा जिना शेकडो मुलांसाठी चालणारच नाही. बाहेरच्या बाजूने दुसरा रुंद जिना आणि नवं वायरिंग, एवढं झाल्याशिवाय वर्ग भरवू नयेत.

गैरसमज : वारसा यादीत नाव आलं, की खिळाही ठोकता येत नाही.
उदाहरणार्थ, मुंबईत १९९५ च्या नियमांनी वारसा इमारतींच्या श्रेणी ठरवल्या. तिथे पहिल्या श्रेणीत बंधनं कडक आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत परवानगी घेऊन आतले बदल आणि नवा वापर शक्य असतो.

गैरसमज, या वेळी समर्थकांचा : जुन्यात शाळा केली की पैसे वाचतात.
दर वेळी नाही. लाकूडकाम जाणणारे सुतार आणि चुन्याचं काम येणारे गवंडी कमी उरलेत. शिवाय स्वच्छतागृहं आणि व्हीलचेअरचा उतार नव्यानेच करावे लागतात.

आता खरा आक्षेप : मैदान. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, अडथळाविरहित प्रवेश, पिण्याचं पाणी यांच्याबरोबर क्रीडांगणही आहे. वाड्याच्या चौकात प्रार्थना होईल, खो-खो होणार नाही. त्यामुळे चालत जाता येईल असं मैदान आधी पक्कं करावं, त्याचा वापर लेखी ठरवून घ्यावा आणि मगच वाड्याच्या नकाशाला हात घालावा.