आगाशे, मोहन
(२३ जुलै १९४७ – ). मराठी नट व मानसोपचारतज्ज्ञ. घाशीराम कोतवाल (१९७२) या उपहासगर्भ नाटकातील नाना फडणवीसांच्या भूमिकेमुळे ख्यातनाम. मानसोपचारासाठी त्यांनी रंगभूमी मात्र सोडली नाही, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापन व नाट्यप्रयोग बरोबरच चालले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी (जि. लातूर) भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पडलेल्या घरांचे पंचनामे होऊ शकत होते. वाचलेल्यांचा शोक, धास्ती व निद्रानाश पंचनाम्यात मावणारे नव्हते. त्यांच्या मानसिक आरोग्याविषयीच्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संशोधनप्रकल्पाचे आगाशे प्रमुख अन्वेषक होते. पुढे अस्तु या चित्रपटात त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. नैराश्यावरील कासव या चित्रपटातही त्यांची भूमिका असून त्यास २०१६ चे सुवर्णकमळ मिळाले.