बिघाडाचं वेळापत्रक

मार्च संपता संपता नागपुरात कूलर निघतात. माळ्यावरून खाली उतरतात, टाकी घासली जाते, ताट्यांमधला जुना वाळा किंवा वूडवूल फेकून नवं भरलं जातं, आणि खिडकीखिडकीत त्यांची घरघर सुरू होते. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत आमचे फोन वाजायला लागतात. कॉम्प्युटर दुपारचा हँग होतो, मधेच आपोआप बंद पडतो, पंखा फार ओरडतो.

शहरातली ऑफिसं, दवाखाने, पतसंस्था यांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. फोनवरचा माणूस सांगतो, "भाऊ, चालूनच नाही राह्यलं." काय होतंय ते त्याने सांगितलेलं असतं. मी विचारतो ते कधी. सकाळी का दुपारी? रोज का अधूनमधून? त्याच्या आधी ऑफिसात काय हललं, काय बदललं? याची उत्तरं नीट मिळाली तर पेचकस बाहेर काढायच्या आधीच अर्धं काम उरकतं. नागपुरात तर जास्तच, कारण इथली हवा टोकाची आहे आणि प्रत्येक ऋतूचे बिघाड ठरलेले आहेत.

कूलरचंच बघा. पाण्याच्या बाष्पीभवनावर तो गारवा देतो, म्हणून आमच्या कोरड्या उन्हाळ्यात इतका उपयोगी पडतो. पण खोलीत येते ती ओलसर हवा, आणि बसणाऱ्याला गार वाटावं म्हणून टेबलही नेमकं त्याच झोतात ठेवलेलं असतं. कॅबिनेटचा पंखा ती हवा आत ओढतो. रस्त्यांच्या खोदकामाची, सिमेंटची धूळ आत आधीच साचलेली असते. ओल मिळाली की ती धरून बसते. मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला तर प्रोसेसरवरचा पंखा वरून बरा दिसतो. तो उचलला की खरी अवस्था कळते. खाली हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी नमद्यासारखा राखाडी थर जमलेला असतो. नखाने एक कोपरा सोडवला तर सलग पट्टी निघून येते. पंखा बिचारा पूर्ण वेगाने फिरत असतो, पण पात्यांमधून हवा जायला वाटच नसते. कूलर पाणी उडवत असेल आणि पाणी बोअरचं असेल, तर पंख्यावर क्षाराचे पांढरे ठिपकेही दिसतात.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. मोकळा सोडला तर झोताने बेफाम फिरतो, बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलट वीज तयार करून बोर्डाकडे ढकलू शकते. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून भुकटी झालेली असते. ती पुसायची, थेंबभर नवी लावायची, हीटसिंक चारी बाजूंनी सारखा दाबून बसवायचा. एवढ्यानेच बहुतेक मशीन ताळ्यावर येतात.

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. चव्वेचाळीस-पंचेचाळीस तर दरवर्षीचंच. बंद कॅबिनेटच्या आत खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त धरा. प्रोसेसर शंभरच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग उतरवतो, तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद करतो. म्हणून सकाळी दहाला धावणारा कॉम्प्युटर तीन वाजता रांगतो. मालकाला वाटतं व्हायरस आला. कोणीतरी फॉरमॅट मारून देतो, पैसे घेतो, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. एसएमपीएसमधल्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, कपॅसिटरचं दुखणं याहून संथ असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे त्या उन्हाळ्याची किंमत पुढच्या एखाद्या वर्षी कळते.

'डिस्प्ले येत नाही' ही तक्रार मात्र बारमाही. रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसायच्या, स्लॉटमध्ये ब्रश फिरवायचा, दोन्ही बाजू बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबायची. तसंच तारखेचं. इंटरनेट चालू आहे पण बँकेची साइट उघडत नाही, आणि कोपऱ्यातली तारीख कैक वर्षं मागे गेली आहे, म्हणजे बोर्डावरचा तीन व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपला. साइटच्या प्रमाणपत्राची मुदत मशीन स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतं, घड्याळच चुकलं की खरं प्रमाणपत्रही खोटं ठरतं. संध्याकाळी मेन स्विच पाडून जाणाऱ्या ऑफिसात हा दोष लवकर उघडा पडतो, कारण तिथे रात्रभर घड्याळ केवळ त्या सेलवर चालतं.

मे महिन्यातला दुसरा मोठा दोष जमिनीतून येतो. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार असते. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला खरखराट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला जोडलेला, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग धड असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंग सुटलं की पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० व्होल्टच्या निम्म्यावर. करंट फार थोडा असल्याने माणसाला चुणचुण जाणवते, पण यूएसबी पोर्ट मारायला तो पुरतो. कॉम्प्युटर एका भिंतीवर अर्थिंग असलेल्या सॉकेटला, प्रिंटर दुसऱ्या भिंतीवर बिनअर्थिंगच्या. दोन्ही चालू असताना केबल खुपसली की ठिणगी उडते आणि पोर्ट जातो. मग नवा प्रिंटर येतो, नवं कार्ड येतं, आणि भिंतीकडे कोणी बघत नाही.

अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून इलेक्ट्रोड पुरलेला असतो, आणि ओल असेपर्यंतच तो नीट काम करतो. उन्हाळ्यात जमीन वाळते. शहराच्या पश्चिमेकडची काळी माती तर भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. न्यूट्रल आणि अर्थच्या मधे मीटर लावावा. दोन-तीन व्होल्ट असतील तर ठीक. दहा-पंधरा दिसले तर वायरमनला बोलवावं. उन्हाळाभर खड्ड्यात बादलीने पाणी घालत राहावं, याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. जून-जुलैत पाऊस पडला की झिणझिण्या आपोआप थांबतात आणि ऑफिस ती गोष्ट विसरून जातं, पुढच्या एप्रिलपर्यंत. काही जुन्या वाड्यांत अर्थच्या पिनला न्यूट्रलच जोडून दिलेला असतो. तो प्रकार जिवावरचा आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर सगळा पत्रा फेजवर येतो. असं दिसलं की मी कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ते काढायला लावतो.

संशय आला की चांगल्या मशीनमधला भाग लावून बघायचा, एका वेळी एकच. दोन भाग एकदम बदलले आणि मशीन चालू झालं, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि ग्राहकाला दोन्हींचे पैसे पडतात. शेजाऱ्याशी ताडून बघण्याचा हा नियम मोजणाऱ्या यंत्रांनाही लागू आहे. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या शेतावरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि ती बातमी देशभर गेली. त्याच वेळी परिसरातली दुसरी काही केंद्रं चव्वेचाळीसच्या आसपास होती. हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. आमच्या कामात मीटर, टेस्टर, सॉफ्टवेअरचा आकडा, सगळ्यांवर विश्वास ठेवायचा तो शेजाऱ्याशी जुळेल तेवढाच.

टेस्टरवर तर विशेष सांभाळून. नेटवर्कची केबल म्हणजे आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घातलेली. बाहेरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखा येतो आणि पिळामुळे एकमेकांत कटतो. जॅक मारताना रंगांचा क्रम ठरलेला आहे: ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज, ग्रीन-व्हाइट, ब्लू, ब्लू-व्हाइट, ग्रीन, ब्राऊन-व्हाइट, ब्राऊन. यात हिरवी जोडी फोडून तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर जाते, मधल्या दोन पिना निळ्या जोडीच्या. हे न समजलेला मुलगा रंग सरळ जोडीने लावतो, ऑरेंज, ग्रीन, ब्लू, ब्राऊन, आणि दोन्ही टोकांना सारखेच लावतो. टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागतात. तांब्याचा रस्ता खरंच पूर्ण आहे, दिवे खोटं बोलत नाहीत. पण आता तिसरी आणि सहावी पिन दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारांवर गेली, आणि एकमेकींचा आवाज कापायला त्यांच्या सोबतीला कोणी उरलं नाही. टेबलाजवळची दोन मीटरची केबल अशीही चालून जाते. चाळीस मीटरवर लिंक येते-जाते, मोठी फाइल पाठवली की मशीन रुसतं. हा दोष डोळ्यांनीच पकडावा लागतो: जॅक उजेडासमोर धरायचा, पारदर्शक प्लास्टिकमधून रंग वाचायचे. पीळ किती उकलला तेही बघायचं. अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. आणि केबलची बाहेरची साल जॅकच्या आत क्लिपखाली दाबलेली हवी, नाहीतर सगळा ओढा नाजूक तारांवर येतो आणि दिवाळीच्या साफसफाईत टेबल सरकलं की जॅक मोकळा होतो.

वेग उतरणं हीसुद्धा खूण आहे. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. कालपर्यंत गिगाबिटवर असलेला पोर्ट आज शंभरवर आला, तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार गेलेली असण्याचा संभव मोठा. इतवारीच्या किराणा ओळीत हे काम बहुधा उंदराचं असतं. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तिथे ब्राउझरशी झटापट करत बसू नये, मागचा जॅक बघावा.

आता कॅमेऱ्यांची गोष्ट, कारण त्यातही वेळच बोलते. कॅमेरा दिवसभर दिसतो, अंधार पडला की बंद. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, आणि लांबच्या केबलवर व्होल्टेज इतकं पडतं की कॅमेरा पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होतो. मूळ दोष बहुतेकदा केबलच्या जातीत असतो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल खऱ्या तांब्याच्या भावाच्या बरीच खाली मिळते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि तार दोनदा वाकवली की तुटते. ब्लेडने खरवडलं तर आतून चांदीचा रंग दिसतो. ३०५ मीटरचा खोका उचलला तरी वजनावरून कळतं. भिंतीत एकदा गेलेली केबल पुढची पंधरा वर्षं कोणी काढत नाही. तिथे वाचवलेले पैसे मला फार महाग वाटतात, आणि सीताबर्डीच्या बाजारात खरेदीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

मग जून येतो, आणि बिघाड बदलतात. मान्सूनच्या आधीची वादळं विदर्भात विजा घेऊन येतात. दोन इमारतींमध्ये गच्चीवरून ओढलेली तांब्याची केबल असेल, तर जवळ कुठे वीज पडल्यावर दोन्ही टोकांचे स्विच एकदम जातात. इमारतींच्या मधे फायबरच टाकावी, तिच्यातून वीज वाहत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी वस्त्यांत आणि दुकानांत शिरलं. अशा पाण्यातून निघालेलं मशीन चालतं का हे बघायला लोक आधी बटण दाबतात, आणि तिथेच ते मरतं. वीज नसताना भिजलेला बोर्ड बहुतेकदा वाचतो. आधी मेन बंद, कारण पाण्यात उभा यूपीएस लाइट गेली तरी २३० व्होल्ट देत राहतो. मग बोर्डावरचा सेल काढायचा, गाळ स्वच्छ पाण्याने धुवायचा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं आणि काही दिवस सावलीत वाळू द्यायचं. गाळ तसाच वाळला तर चिपच्या पायांत बसतो आणि महिन्याभराने गंज धरतो. हार्ड डिस्क घरी उघडायची नाही. डेटा मोलाचा असेल तर ती चालू न करता रिकव्हरीवाल्याकडे द्यायची.

एक गोष्ट मनापासून खटकते. पार्ट बदलला तर ग्राहक पैसे देतो, दोष शोधला तर देत नाही. दोन तास खपून जॅक शोधून काढला की, "एवढंच होतं का?" त्यामुळे चांगली शोधणारी पोरं हळूहळू पार्ट विकायला लागतात, आणि चालते बोर्ड भंगारात जातात. शोधण्याचे पैसे मी आता आधीच सांगतो आणि पार्ट लागला नाही तर बिलावर तसं लिहून देतो.

ज्या ऑफिसचं काम घेतो तिथे स्विचजवळ एक वही टांगायला सांगतो. तारीख, वेळ, काय बंद पडलं, बस. एका ऑफिसात पूर्ण नेटवर्क मिनिटभर जायचं आणि परत यायचं. स्विच बदलून झाला होता, राउटर बदलून झाला होता. वहीतल्या वेळा सकाळी दहा-सव्वादहा आणि दुपारी चारच्या सुमाराच्या निघाल्या. चौकीदाराला विचारलं, दादा, या वेळेला तुम्ही काय करता? तो म्हणाला, बोअरची मोटर लावतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, क्षणभर व्होल्टेज पडतं, आणि स्विचचा ॲडॅप्टर साध्या सॉकेटवर होता. कॉम्प्युटर सगळे यूपीएसवर, त्यामुळे त्यांना काहीच कळत नव्हतं. ॲडॅप्टर यूपीएसवर घेतला. मोटर आजही त्याच वेळेला सुरू होते.