जुना ट्रेलर, नवे काम

मावळच्या पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रेलरवरून मोटार न्यायची असेल तर त्याचा रंग आधी खरवडून चॅसीचे जोड तपासावेत. गंजावर वेल्डिंग टिकत नाही. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार चालत नाही, त्यामुळे कटर लावण्याआधी आरटीओकडे चौकशी हवी. रॅम्प लांब असावा, मोटार बांधायच्या पट्ट्यांच्या कड्या थेट चॅसीलाच जोडाव्यात. मोटार ट्रेलरवर जरा पुढे उभी करावी, कारण भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर आला नाही तर ट्रेलर वेगात डोलू लागतो. खरी कसोटी खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर सारा रेटा ओढणाऱ्या गाडीवर येतो, तिच्या ब्रेकचे लायनर तापतात आणि पकड सुटते. उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा.