आमच्या ‘एट हंड्रेड’ला हवा लागली!

सिग्नलला गाडी बंद पडली की मागच्यांच्या हॉर्नचा जो कोरस सुरू होतो, तो ऐकलाय कधी? मी दोन महिने रोज ऐकत होते. आमची मारुती ८०० जून १९९६ ची, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी! थंड असताना शहाण्यासारखी चालायची. गरम झाली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की इंजिन आधी थरथरायचं, मग एक आचका आणि... शांतता.

पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, ‘मॅडम, इंजिन उघडावं लागेल. पंचवीस हजार धरून चाला.’ तात्पुरता उपाय म्हणून त्याने ‘स्लो’ वाढवून दिला. म्हणजे गाडी उभी असतानाही इंजिन जास्त वेगात फिरणार. त्याने काय झालं? गाडी तशीच, फक्त पेट्रोल जास्त!

त्यात जूनमध्ये रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. पंधरा वर्षांवरच्या कारची ही फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झाली होती. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला ती दहा हजार झाली. बाबा म्हणाले, ‘बास. भंगारात देऊ.’ बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आजीला रात्री दोन वाजता शिंदखेड्याहून धुळ्याच्या हॉस्पिटलात नेलं होतं ते याच गाडीने. आजी त्यानंतर अकरा वर्षं जगली. अशी गाडी भंगारात द्यायची म्हणजे...

चुलतभावाच्या लग्नाला आम्ही हट्टाने हीच गाडी काढली. नाशिक, मालेगाव, धुळे... एप्रिलचं ऊन आणि बाजूने उडणारी काळ्या मातीची धूळ. सोनगीरला चहासाठी थांबलो तेव्हा बाबांनी इंजिन बंदच केलं नाही, पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता म्हणून. शिंदखेड्यात शिरताना मात्र तिने मान टाकली. काकाने ढकलत ढकलत गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे नेली. पत्र्याची शेड, लिंबाची सावली आणि भिंतीला टांगलेले पाने. मी मनात म्हटलं, गेलं लग्न!

मेस्त्रीकाकांनी पाना हातात घेतलाच नाही. हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं चालू इंजिनभोवती फिरवायला लागले. अगदी डॉक्टरसारखे! कार्बोरेटरच्या बुडाशी आल्यावर थांबले. ‘ऐक.’ मी कान लावला. बारीक ‘सूंऽऽ’. मग तिथे साबणाचं पाणी शिंपडलं, तर इंजिनचा आवाज क्षणभर बदलला.

‘पोरी, इंजिन चांगलं शे. गाडी चोरीसन हवा खाई राहिनी,’ काका अहिराणीत म्हणाले. इंजिन ठणठणीत, पण गाडी चोरून हवा खातेय!

प्रकरण असं आहे. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा! हे प्रमाण कार्बोरेटर सांभाळतो. पण त्याच्याखाली, मॅनिफोल्डच्या जोडात फट पडली, तर तिथून बिनहिशेबी हवा घुसते. मिश्रण पातळ होतं आणि ‘स्लो’वर इंजिन अडखळतं. आमच्या गाडीचे कार्बोरेटरचे नट वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ढिले झाले होते, गास्केट वाळून पापड झालं होतं आणि एका व्हॅक्यूम पाइपला तडा होता.

खरा धक्का पुढे होता. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिपही सैल होती. काकांनी फिल्टरच्या पुढच्या भागात बोट फिरवून दाखवलं. काळीभोर धूळ! ‘ही जास्त वाईट. ती हवा गाडी बंद पाडते, ही धूळ इंजिन खाते.’ न गाळलेली धूळ सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासत राहते. आणखी वर्षभर असंच चाललं असतं, तर पंचवीस हजारांची गरज खरंच पडली असती.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कार्बोरेटर उतरला. आत काही पडू नये म्हणून खालच्या तोंडावर स्वच्छ फडकं. जुनं गास्केट खरवडून नवं बसवलं. नट समोरासमोरचे, थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. मी जोर लावायला गेले तर ओरडा बसला, ‘ॲल्युमिनियम आहे, आटे जातील!’ शेवटी वाढवलेला ‘स्लो’ खाली आणला. बिल? चारशे ऐंशी रुपये.

तुमच्याकडेही जुनी गाडी असेल, तर एवढं कराच :
* ‘स्लो’ वाढवून द्या, असं सांगण्याआधी हवा कुठून शिरतेय ते शोधायला सांगा.
* रबरी पाइप वाकवून बघा. तडे दिसले तर बदला, चिकटपट्टी लावू नका.
* फिल्टर बदलल्यावर झाकण आणि क्लिपा घट्ट बसल्यात ना, हे स्वतः पाहा.
* गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल मारणाऱ्याला लगेच थांबवा. आग लागू शकते.
* ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असेल आणि पेडल अचानक जड झालं, तर गाडी चालवू नका. त्याचाही पाइप इथेच जोडलेला असतो.

परतताना बाबा चालवत होते. सोनगीरला पुन्हा चहा. इंजिन त्यांनी याही वेळी चालूच ठेवलं, पण आता ऐकण्यासाठी. चहा संपेपर्यंत एकही आचका नाही. या गाडीत एअरबॅग नाही, एसी नाही. हायवेवर रोज न्यायची ती गाडी नव्हे, हे आम्हालाही कळतं. तरी बाबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘ते दहा हजार ऑनलाइन भरता येतात का गं?’