लाल रंगाला आंधळी फिल्म (लेखांक ५)

मियागाम-करजण स्टेशन सोडून गाडी बडोद्याकडे निघाली की दोन्ही अंगांना कानम प्रदेशाची काळी जमीन लागते. कापूस फुटण्याच्या दिवसांत असं एखादं शेत कृष्णधवल फिल्मवर टिपायचं झालं तर? काळी माती आणि पांढरी बोंडं यांची चिंता नाही. घोळ होतो तो मधल्या रंगांत. हिरव्या पानांत वेचणीला उभ्या असलेल्या बाईची लाल साडी डोळ्यांना लांबूनही दिसते. पण फिल्मवर लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेत उतरले, तर बाई पानांत बुडाली म्हणून समजा.

छायालेखकाचं काम इथे सुरू होतं. भिंगापुढे लाल काच लावली की साडी उजळते, पानं गडद होतात, निळं आकाश काळसर पडतं आणि ढग सुटे दिसू लागतात. पिवळ्या काचेने आकाशावर हाच परिणाम सौम्य होतो. कोणता रंग किती काळा करायचा, हे असं आधी ठरवावं लागतं.

ही निवड दादासाहेब फाळक्यांना नव्हती. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढलं. त्र्यंबकेश्वरचे फाळके तिथे फोटोग्राफी शिकले. त्या काळची फिल्म निळ्या उजेडाला हळवी आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळी. म्हणून तर ती लाल दिव्याच्या उजेडात धुता येई. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादरच्या घरात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून राबत होत्या. पण डार्करूममधली ही सोय चित्रीकरणात नडायची: लाल ओठ काळे पडत, निळं आकाश पांढरंफटक होई, गव्हाळ चेहरा असायचा त्याहून सावळा दिसे. त्यावर उपाय एकच, चेहऱ्याला रंग फासणं. मूकपटांतले चेहरे मुखवट्यासारखे दिसतात त्याचा सगळा दोष नाटकी अभिनयाला देऊ नये.

सगळ्या रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म १९२०च्या दशकात रुळली आणि चेहऱ्यावर बारीक छटा उमटू लागल्या. प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) पाहा. दिग्दर्शक शांताराम, छायालेखक व्ही. अवधूत. नावातच लाल रंग, आणि पडद्यावर लाल कुठेच नाही! शांता आपटेच्या गोऱ्या कपाळावर दिसतो तो एक गडद ठिपका. तो लाल आहे हे आपण आपल्या मनाने भरतो. त्याच चित्रपटात केशवराव दात्यांचा म्हातारा नवरा फुटक्या आरशासमोर येतो, तेव्हा तुकड्यातुकड्यांतून त्याचाच चेहरा त्याच्याकडे बघतो. रंग असते तर नजर कोट, भिंत, चौकट यांवर भटकली असती. इथे काचेची धार आणि चेहऱ्याच्या सुरकुत्या एवढंच उरतं.

म्हणूनच जुन्या चित्रपटांना संगणकावर रंग चढवण्याचा उद्योग मला पटत नाही. ‘मुग़ल-ए-आज़म’ २००४ मध्ये असा रंगवून पुन्हा लागला, गर्दीही झाली. पण आर. डी. माथुर यांनी त्यातल्या कृष्णधवल भागाचा उजेड करड्या छटांच्या हिशेबाने लावला होता. तो हिशेब तसाच ठेवून वर गुलाबी-हिरवा ओतला की सावल्या मळकट वाटतात, दागिने तेवढे चमकतात.

पुढच्या लेखांकात व्ही. के. मूर्ती: ‘कागज़ के फूल’साठी त्यांनी आरशांनी स्टुडिओत आणलेलं ऊन.